आबांच्या कागदावरची बाई

माझ्या वडिलांना दुसरी बायको आहे हे मला एका मंगळवारी सकाळी कळलं, आणि नेमकं त्याच क्षणी चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं. आधी कशाचं वाईट वाटून घ्यावं हे ठरवायला मला जरा वेळ लागला.

त्याआधीच्या आठवड्यात आबांच्या छातीत दुखलं होतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली, तीन आठवड्यांनंतरची तारीखही दिली. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे उपचार माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, पेन्शन सरकारची, आणि उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर आईला कुटुंब पेन्शन, असं सगळं आम्ही वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं. कागद उघडून कोणी पाहिले नव्हते. आई-आबा राहतात लोणी काळभोरला आणि मी सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. डॉक्टर जवळ पडतात म्हणून मी दोघांना माझ्याकडे आणलं होतं. हृदयरोग्याला दोन जिने चढवून जवळच्या डॉक्टरांकडे आणण्यात काय शहाणपण, असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला विचारलं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरात ठेवते मग. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

तर त्या सकाळी मी पेन्शनच्या नव्या वेबसाइटवर आबांची माहिती तपासायला बसले होते. त्यांचं नाव बरोबर, गाव बरोबर, जन्मतारीख गावातल्या मास्तरांनी अंदाजे लावलेली तीच. आणि खाली पत्नीचं नाव. ते आईचं नव्हतं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही, आईने शपथ घातली आहे. तीन अक्षरी, ठसठशीत, त्या काळच्या मानाने जरा नखरेल नाव आहे, एवढंच सांगते. लग्नाची तारीख आईची होती. जन्मसाल आईचं होतं. नाव मात्र भलत्याच बाईचं.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी शोधून ते परत पाठवणं हे माझं काम, आणि मी ते आवडीने करते. फोटोवर सही अर्धी गेली, परत. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, परत. पोरं मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. अशा बाईच्या बापाच्या कागदावर तिची आईच नसावी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असणार.

मी लॅपटॉप मिटला आणि बेसिनपाशी जाऊन नवऱ्याला कुजबुजत सांगितलं. तो दाढी करत होता. अर्ध्या फेसात म्हणाला, "आबांना? अगं, त्यांना एक झेपत नाही."

पण मी पेटले होते. पुढचे दोन दिवस मी आबांवर पाळत ठेवली. ते गॅलरीत जाऊन कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलायचे, हसायचे, मी आले की फोन ठेवायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी दाराआड उभी राहिले. पलीकडे त्यांचा पलटणीतला जुना सोबती होता आणि विषय गुडघ्याला लावायच्या तेलाचा होता. मला माझीच लाज वाटली, पण म्हणून संशय काही गेला नाही.

शेवटी मी आईला गाठलं. ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, पाणी देऊ का विचारलं, तब्येत कशी आहे विचारलं. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, कारण मी असं कधी विचारत नाही. मग मी एका दमात ते नाव उच्चारलं.

आईने मान वर केली नाही. मेथीची एक काडी मोडली आणि म्हणाली, "ती हाय व्हय अजून?"

म्हणजे आईला ती माहीत होती!

मग आईने सगळं सांगितलं, मेथी निवडत निवडत. त्यांचं लग्न झालं तेव्हा आबा काश्मीरमध्ये होते आणि मोजून पंधरा दिवसांच्या रजेवर आले होते. लग्नानंतर आमच्याकडे नवऱ्यामुलाने तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव काढायचं असतं. बायकोने ते वाचायचं, सगळ्यांनी पेढे खायचे आणि माहेरचं नाव त्या ताटात संपवायचं. आबांनी जराही न थांबता ते तीन अक्षरी नाव काढलं. बायका म्हणाल्या, अगं बाई, किती छान. आईलाही आवडलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या आत्याने, म्हणजे आबांच्या धाकट्या बहिणीने, मोठ्या कौतुकाने आईला सांगितलं, "वहिनी, मागच्या सुट्टीला दादाला ताप भरला हुता ना, तवा झोपंत हेच नाव घेत हुता. मी म्हटलं, ही कोण? तर आता कळलं, तुझ्यासाठी आधीच काढून ठेवलं हुतं!"

आत्याला यात प्रेम दिसलं. आईला जे दिसायचं ते दिसलं. मागच्या सुट्टीला तर स्थळसुद्धा आलेलं नव्हतं.

"मग तू विचारलंस का नाही?" मी म्हटलं.

"नवी नवरी काय इचारंल? म्या ओ देयाचं बंद केलं."

तीन दिवस त्या नावाने कोणीही हाक मारली तरी आई हलली नाही. सासूला वाटलं, सून बहिरी दिली. चौथ्या दिवशी आजीनेच हात टेकले आणि म्हणाली, राहू दे बाई तुझं हाय तेच नाव, पण चुलीवरचं दूध तेवढं उतरव. तोपर्यंत आबा पुणे स्टेशनवरून गाडीत बसून निघून गेले होते. नंतर रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर सगळीकडे आईचं माहेरचंच नाव लागलं. ते तांदळावरचं नाव संपलं असं सगळ्यांनी धरलं. आबांनी मात्र पलटणीत परत जाऊन क्लार्कला तेच सांगितलं होतं.

आईने मनात त्या बाईचं सगळं चित्र पक्कं केलेलं होतं. काश्मीरची, गोरीपान, डोक्यावर ओढणी, गाल लाल. मला तेव्हा एकदम उमजलं की आमच्या घरात सफरचंद का येत नसे. चिकू यायचे, पेरू यायचे, बोरं तर पोत्याने यायची. मी लहानपणी सफरचंद मागितलं की आई म्हणायची, त्यात काय असतं, नुसतं पाणी. मला वाटायचं परवडत नाही म्हणून बिचारी असं बोलते!

"इतकी वर्षं मनात ठेवलंस?" मला हसू येत होतं आणि रागही येत होता.

"ठिवलं कुठं? रोज एक टोमणा हाणला की," आई म्हणाली. हे मात्र खरं होतं.

त्या संध्याकाळी मी आबांना स्पष्ट सांगितलं की कागदावर आईचं नाव नाही. हे असंच राहिलं तर तुमच्यामागे तिला पेन्शन मिळवायला दारोदार फिरावं लागेल. आबा गंभीर झाले. ते तसे अबोल. फौजेत काय करायचा विचारलं की, 'वर पोस्टवर सामान पोचवायचो' एवढं एकच वाक्य. आम्ही सगळ्यांनी ट्रक गृहीत धरला होता, शाळेत मी माझ्या आबांचा ट्रक बर्फात कसा चालतो यावर चांगलं पानभर निबंधही लिहिला होता. निवृत्तीनंतर त्यांनी साधी सायकलही घेतली नाही. सगळीकडे पायी. कोणी विचारलं तर म्हणायचे, लई झालं चालवून.

"हिचं नाव लावून घ्या," आबा म्हणाले. "ह्ये झाल्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाई."

"टेबलावर म्हणजे?"

"आपरेशनच्या."

म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आत हे व्हायला हवं होतं, आणि आबा एकदा बोलले की संपलं. मला वाटलं, ठीक आहे, अर्ज करायचा, कागद लावायचे, हे तर माझंच क्षेत्र आहे. मी त्या रात्री शांत झोपले. मूर्ख होते मी.

दोन दिवसांनी आम्ही तिघं माजी सैनिकांची कामं जिथे होतात त्या सरकारी कार्यालयात गेलो. तिथे मदतीला एक निवृत्त सुभेदार बसत. सडपातळ, कानाला यंत्र, टेबलावर खडीसाखरेची बरणी. येणाऱ्या प्रत्येकाला आधी दोन खडे द्यायचे आणि मग अडचण विचारायची, अशी त्यांची पद्धत. आबांना द्यायला हात पुढे केला तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. तर त्यांनी आबांचेही दोन खडे मला दिले.

कागद पाहून ते हसले. "ताई, घाबरू नका, अशी प्रकरणं येत असतात. माणूस वीस वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सीमा राखतो आणि बायकोचं नाव चुकवून घरी येतो."

मग त्यांनी समजावलं. दोन मार्ग आहेत. वेळ तोच, कागद तेच. आईने प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. एकतर, ही दोन्ही नावं माझीच आहेत, म्हणजे मी अमुक उर्फ तमुक. नाहीतर, ते नाव चुकीने लागलेलं आहे, ते खोडून माझं लावावं.

"खोडा," आई म्हणाली.

"उर्फ," आबा म्हणाले.

दोघं एकदम बोलले. सुभेदारसाहेबांनी कानाचं यंत्र नीट केलं.

"म्या त्या बाईच्या नावाची शपथ घेऊ? मीच ती म्हणून सही करू?" आईचा आवाज चढला. "जीव गेला तरी न्हाई."

"खोडायचं न्हाई," आबा खाली बघत म्हणाले.

मी दोघांच्या मधे बसले होते आणि तोंडात चार खडे होते. आयुष्यभर या माणसाने आईचं सगळं ऐकलेलं. भाजी कुठली, पाहुणे कोणाकडचे, पंखा किती वर ठेवायचा, सगळं. आणि अडून बसला तो नेमका इथे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आबा, हा काय पोरखेळ आहे? तुमचं हृदय उघडायचंय डॉक्टरांना. ही सही करत नाही म्हणून तुम्ही झोपणार नाही, आणि तुम्ही खोडू देत नाही म्हणून ही सही करणार नाही. मग मी काय करू? डॉक्टरांना सांगू का, की पेशंटच्या बायकोची सवत आडवी आली म्हणून?"

शेजारच्या रांगेतले दोन माजी सैनिक आमच्याकडे वळून बसले. त्यांनी खुर्च्याच वळवल्या.

सुभेदारसाहेब मात्र आबांचं डिस्चार्ज बुक चाळत होते. एका पानावर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! आपण खेचरांवर होता?"

आबांनी मान खाली घातली ती आणखी खाली गेली.

"कशावर?" आईने विचारलं.

"खेचरांवर, वहिनी. उंच पोस्टवर गाडी जात नाही. रेशन, दारूगोळा, रॉकेल, सगळं खेचराच्या पाठीवरून. आणि शेजारी हे चालणार, बर्फातून. आम्ही वर बसून खाली बघत असायचो, कधी यांची रांग दिसते म्हणून. यांच्या जिवावर जेवलोय मी."

"आन टरक?" आई आबांना म्हणाली.

"मी कवा म्हटलं टरक?" आबा पुटपुटले. "मी म्हटलं सामान पोचवतो. टरक तुमीच लावला."

हे अगदी खरं होतं. आम्हीच लावला होता. आणि त्यांनी का खोडला नाही तेही मला कळलं. गावी जाऊन सांगणार काय, फौजेत जाऊन खेचरं हाकतो? गावाने त्यांचं जगणं मुश्कील केलं असतं. माझा निबंध आठवला आणि मला खुर्चीतच हसू फुटलं.

सुभेदारसाहेबांनी आम्हाला सल्ला दिला की बाहेर जाऊन चहा घ्या, ठरवा आणि या. आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसलो.  मी बिनसाखरेचा एक आणि साखरेचे दोन असे चहा सांगितले. आबांनी कप हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, "ती माझी खेचर हुती."

"कोण?" मी म्हटलं.

आबांनी ते तीन अक्षरी नाव घेतलं.

अमृततुल्यमध्ये मागे पातेल्यातला चहा उतू गेला. नंतर आईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं ती रडतेय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ गदगदत होती. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तो बोळा सुटला.

"खेचर!" आई म्हणाली. "अगं, खेचर!"

ती इतकी हसली की गल्ल्यावरच्या माणसाने पाणी आणून दिलं. ती पाणी प्यायली, श्वास घेतला, आबांकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाली. मीही सुटले. मला पोटात कळ आली. माझ्या आईने उभा जन्म एका खेचरावर दात ठेवला होता! तिच्यापायी सफरचंदं नाकारली होती! शेजारच्या टेबलावरच्या दोन कॉलेजच्या मुली आम्हाला बघून कारण न कळता हसायला लागल्या. आबा एकटे लाल होऊन बसले होते. मी त्यांना म्हटलं, आबा, हळू, तुम्ही हसू नका, तुमचं हृदय. ते म्हणाले, "मी कुठं हसतोय."

आईने डोळे पुसले आणि चौकशी सुरू केली. "गोरी हुती का?"

"तपकिरी. कपाळावर पांढरा ठिपका."

"दिसाया कशी?"

"एक कान जरा वाकडा हुता," आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही आलं की मी हसायची थांबले. "पर पाऊल लई पक्कं. जिथं बर्फ पोकळ आसंल तिथं ती थांबायची. मारलं तरी पाय टाकायची न्हाई. एकदा बर्फाच्या उजेडानं माझे डोळे गेले. दोन दिवस दिसंना. तिची शेपूट हातात धरली आन डोळं मिटून उतरलो. तिनं खाली आणलं. मग इस्पितळात ताप भरला. तसंच सुट्टीवर आलो हुतो."

"आन तेच नाव मला ठिवलं," आई म्हणाली. आवाजात अजून हसू होतं, पण आता ते जपून वापरलेलं.

"मग काय ठिवायचं? पोरींची नावं मला कुठं ठावं हुती? जिच्यामागं डोळं मिटून जावं अशी मला एकच ठावं हुती."

 आईने आबांचा गार झालेला चहा त्यांच्यापुढे सरकवला. मला इतका आनंद झाला होता की मी क्रीमरोल मागवला आणि तो एकटीने खाल्ला. प्रश्न सुटला असं मी धरूनच चालले होते.

तिथून आम्ही रिक्षाने शिवाजीनगरला कोर्टाबाहेर गेलो. तिथे झाडाखाली टायपिस्ट बसतात, पूर्वी टाइपरायटर घेऊन आणि आता लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन. आम्ही एका बाईंसमोर बसलो. रिक्षातही आईला मधूनच उबळ येत होती. सिग्नलला थांबलो की ती हळूच आबांना विचारायची, "काय खायाची वो ती?" आणि आबा प्रामाणिकपणे सांगायचे, हरभरे.

मी काम सांगितल्यावर टायपिस्ट बाईंनी मजकूर उघडला. "खोडायचं की उर्फ?"

"खोडा," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिले. "आई! आता काय राहिलं?"

"अगं, राग न्हाई. पर सरकारच्या कागदावर माझ्या जागी जनावराचं नाव कशापायी? हसतील लोक. माझं आपलं साधं नाव लावा." तिचं बोलणं बिनतोड होतं. अधीक्षक म्हणून मी तरी तेच म्हटलं असतं.

आबांनी नकारार्थी मान हलवली. बाईंचा प्रिंटर अडकला, त्या उठून शेजारच्याकडे कागद मागायला गेल्या. मी घड्याळ पाहिलं. नोटरी एक वाजता जेवायला जाणार होता. माझं हसू संपत आलं होतं आणि जुना राग परत डोकं वर काढत होता. मी म्हटलं, "आबा, आता तरी हो म्हणा. एका खेचरासाठी तुम्ही जीव धोक्यात घालताय."

"तिच्याच जिवावर तर हाय," आबा म्हणाले.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. आयुष्यात ते सलग एवढं कधी बोलले नव्हते. लग्नाच्या रजेवर येताना त्यांनी तिला दुसऱ्या जवानाच्या हातात दिलं होतं. पंधरा दिवसांनी परत गेले तर ती नव्हती. बर्फाचा कडा सुटला होता. जवान वाचला, ती ओझ्यासकट गेली. आबा जनावरांचं रजिस्टर बघायला गेले. फौजेत खेचराला नाव नसतं, खुरावर नंबर असतो. नाव आपलं हाकणाऱ्याने ठेवलेलं, फक्त तोंडी. रजिस्टरमध्ये तिच्या नंबरावर लाल शाईची रेघ मारलेली होती.

"त्याच दिवशी दुसऱ्या आपिसात क्लार्कनं इचारलं, बायकोचं नाव काय. मी सांगितलं. त्यानं लिवलं. मग दोन महिन्यांनी घरचं पत्र आलं, की सुनेनं नाव बदललं न्हाई म्हणून. तवा मी गेलो हुतो खोडाया. दारापर्यंत गेलो." आबांनी गुडघ्यावर हात घासला. "सरकारदरबारी तिचं नाव तेवढ्या एकाच कागदावर हाय. त्याच्यावर बी रेघ माराया सांगू का? माझ्यानं जमलं न्हाई. मग रोज वाटायचं, उद्या जाऊ. मग वाटलं, कोण बघतंय."

झाडावरून वाळलेलं पान लॅपटॉपवर पडलं, ते मी उचलून टाकलं.  माझा बाप खेचरासाठी रडतोय आणि मी त्याला दोन जिने चढवून त्रुटी शिकवतेय, असं मला झालं. फार वाईट वाटलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि आबांकडे पाहिलं. मग तिने चपला नीट पायात घातल्या आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

टायपिस्ट बाई कागद घेऊन आल्या. "हं, काय ठरलं मग?"

"उर्फ लिव्हा," आई म्हणाली.

"आधी कुठलं नाव घेऊ? तुमचं घेते आणि उर्फ..."

"न्हाई. आधी तिचं लिव्हा. ती माझ्या आधी आलेली हाय."

बाईंची बोटं थांबली. त्यांनी आईकडे पाहिलं, आबांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर आईने टेबलाखालून माझा पाय दाबला. बाई हळूच म्हणाल्या, "फार मोठं मन आहे हो तुमचं. नाहीतर पहिलीचं नाव कोण असं सांभाळतं?"

"चांगली हुती," आई म्हणाली. "तिनं ह्यास्नी खाली आणलं, म्हणून मला गावले."

आणि तिने सही करायला पेन मागितलं.